चाफ्याखाली झोपलेले खलाशी

मला दम्मामला जायचं होतं. मला मकावला नेलं.

दम्माम इथून, म्हणजे सौदीतल्या अबकैकहून, गाडीनं तासाभराच्या आत. मकाव कुठं, तर पार चीनच्या कोपऱ्यात. आधी रियाधला जा, तिथून रात्रभर विमानात बसा, मग समुद्रावरच्या एवढ्या लांब पुलावरून बसनं जा की आपण अजून जमिनीवर आहोत का असं वाटावं. पण मुलाला तासाभराच्या रस्त्याला वेळ नव्हता आणि ईदच्या सुट्टीत तेवढ्या लांब जायला होता. मी म्हटलं, चला. म्हाताऱ्या माणसानं जिथं नेतील तिथं जावं, नाहीतर घरात बसून एसीचा आवाज ऐकत राहावं.

दम्मामला का जायचं होतं ते आधी सांगते. तिथल्या कब्रस्तानात हे आहेत. माझे मालक. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि आता तर घ्यायचं कारणच उरलं नाही. उभं आयुष्य त्यांनी दम्मामच्या बंदरात टगवर काढलं. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढत, ढकलत धक्क्याला आणते ती छोटी बोट. आमच्या रत्नागिरीकडचे पुष्कळ जण तसे गेले, कुणी बंदरात, कुणी दुकानात. हे दोन वर्षांनी एकदा घरी यायचे, फणसाच्या दिवसांत. मधल्या काळात टेप भरून पाठवायचे. त्यात यांचं बोलणं कमी आणि मागं इंजिनाचा आवाजच जास्त. सासू म्हणायची, "हा बोलतो का नुसती बोट चालवतो?"

कोरोनाच्या वर्षी ते खोलीवर असतानाच छातीत कळ येऊन गेले. विमानं बंद होती. गावी आणणं शक्यच नव्हतं, ते मला कळत होतं. मुलगा तेव्हा जिझानला रिफायनरीच्या कामावर होता, देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा फोन आला, "अम्मी, मी पोचलो. मी माझ्या हातांनी कबरीत उतरवलं. पांढरी मऊ रेती आहे. तोंड मक्केकडं, किबल्याला केलं." त्या फोनवर मी जगले, असं म्हटलं तरी चालेल. इद्दतीचे, नवऱ्यामागं विधवेनं पाळायचे दिवस घरात बसून काढले. बायका यायच्या, विचारायच्या, आणि मी प्रत्येकीला तेच सांगायची. पोरगा पोचला, त्यानं हातांनी ठेवलं, रेती मऊ आहे. माझी नणंद तर ते पुन्हा पुन्हा ऐकायची. तिचा तो एकुलता एक भाऊ.

आता मला मुलानं व्हिजिट व्हिसावर बोलावलं, मक्केला नेऊन उमरा करवला, अल्लाचे उपकार. पण येताना मी मनात एकच धरून आले होते. यांची जागा बघायची. आल्याच्या पहिल्याच शुक्रवारी मी बुरखा घालून तयार बसले. मुलगा म्हणाला, "अम्मी, आत बायकांना सोडत नाहीत."

"मला आत जायचंच नाही. गावीही आम्ही कुठं आत जातो?"

ते खरं आहे. आमच्या गावात मशिदीच्या मागं उतारावर कब्रस्तान आहे, चिऱ्यांचा गडगा घातलेला. पुरुष आत जातात, शबेबारातीला फुलं घालतात. बायका गडग्याबाहेर उभ्या राहून फातिहा पढतात. पण प्रत्येक बाईची नजर कुठं असते ते मला विचारा. माझ्या बापाची कबर ओवळीच्या झाडाखाली, सासऱ्याची दरवाजाजवळ. दिसत नसली तरी नजर बरोबर तिथं जाते. मला एवढंच हवं होतं. भिंतीबाहेर गाडी उभी कर आणि बोटानं दाखव, की तिकडं.

"पुढच्या शुक्रवारी," मुलगा म्हणाला. पुढच्या शुक्रवारी प्लांटवर शटडाऊन. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गाडी सर्व्हिसिंगला. मग त्याच्या मुलीची परीक्षा. मग मला गुडघ्याचं इंजेक्शन. माझा व्हिसा संपत आला तशी सून एक दिवस आनंदानं म्हणाली, "अम्मी, ईदला मकावला जायचं. सगळे बाकूला जातात, आपण जरा वेगळं करू." ती महाडची, मुंबईत वाढलेली, मनानं चांगली आहे. मी मुलाकडं बघितलं. तो फोनमध्ये बघत होता.

तर असं मकाव.

शहर बघण्यासारखं आहे, खोटं कशाला बोलू. रस्त्याच्या पाट्या चिनी आणि पोर्तुगीज, निळ्या-पांढऱ्या फरशीवर लिहिलेल्या. पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी, लाटांसारखी, माझ्या गुडघ्यांना जिवावर येणारी. एका बाजूला जुगाराचे सोनेरी मनोरे. मुलगा तिकडं बघायचाही नाही, जसं काही बघितलं तरी पैसे जातील. खाण्याचे हाल. सून प्रत्येक दुकानात विचारायची, यात डुकराची चरबी आहे का, आणि दुकानदार हसून मान हलवायचा. ती मान हो म्हणते की नाही म्हणते ते कुणालाच कळेना. शेवटी मी बांधून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा हॉटेलच्या खोलीत बसून खाल्ला. वासानं शेजारचा माणूस दार उघडून बघून गेला.

पहिल्या दिवशी समुद्रदेवीच्या देवळात गेलो. शहराचं नावच म्हणे या देवीवरून पडलं. मुलगा फाटकाशी थांबला. "अम्मी, आत कशाला?"

"बघायला. बघून काय होतंय? तुझा ईमान दारातच सांभाळ, माझा मी आत घेऊन जाते."

नात खिदळली. ती बारा वर्षांची, अबकैकच्या इंडियन शाळेत शिकते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं चांगलं चालतं. देऊळ डोंगराच्या कडेला चढत जातं. वर छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली, शंकूसारखी, दिवसचे दिवस जळणारी, आणि त्यांची राख येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पडते. एका मोठ्या खडकावर शिडाचं जहाज कोरून रंगवलेलं. मी त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिले. ज्यांची माणसं समुद्रावर जातात त्या बायकांनी केलेलं देऊळ हे, मला कुणी सांगायला नको. एक म्हातारी हात जोडून पुटपुटत होती. मला तिची भाषा कळत नव्हती, पण तिचं काम मला माहीत होतं. आयुष्यभर मीही तेच केलं, फक्त तोंड दुसरीकडं करून.

दुसऱ्या दिवशी बागा. एक चिनी बाग, पूर्वीच्या कुणा धनवंताची. तळ्यात कमळं, बांबूची गर्दी, आणि तळ्यावर वळणावळणाचा पूल. नातीनं फोनवर वाचून सांगितलं की भूतं सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून पूल वाकडा.

"मग आपल्या घरात भूत यायची भीती नाही," मी म्हटलं. "आपल्याकडं सरळ कुणी बोलतच नाही."

सून हसली. मुलगा पुढं चालत गेला.

तिथून दुसऱ्या बागेत, टेकडीवरच्या. तिथं दगडाच्या कपारीत पोर्तुगीजांच्या कुणा जुन्या कवीचा पुतळा आहे. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. म्हातारे पट मांडून सोंगट्या खेळत होते आणि कुणी कुणी घरून पक्ष्यांचे पिंजरे आणून झाडांना अडकवले होते. मला ते फार आवडलं. मी बाकावर बसून राहिले असते. पण सुनेच्या यादीत शेजारचं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान होतं, तिला कुणीतरी सांगितलेलं की तिथं फोटो छान येतात.

मी आयुष्यात पहिल्यांदा कब्रस्तानाच्या आत पाऊल टाकलं ते तिथं. परक्या देशात, परक्या लोकांच्या. कुणी अडवलं नाही. छोटंसं पांढरं चर्च, त्याच्या मागं पायऱ्या उतरून हिरवळ, आणि चाफाच चाफा. आपलाच, पिवळ्या पोटाचा पांढरा. फुलं कबरींवर पडलेली. झाडायलाही कुणी नव्हतं आणि गरजही नव्हती.

सगळे गोरे. इंग्लंडचे, अमेरिकेचे, कुठले कुठले. व्यापारी होते, पादरी होते, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. आणि खलाशी. पुष्कळ खलाशी. नात एकेक दगड वाचत होती आणि मला हिंदीत सांगत होती. दादी, ये मास्ट से गिर गया था. ये बुखार से मर गया, जहाज पर. कोवळी पोरं. कुणाच्या दगडावर लिहिलेलं की त्याच्या जहाजावरच्या सोबत्यांनी हा दगड बसवला. मला वाटलं, बघा, डोलकाठीवरून पडलेलं पोर, त्याचा कुणी मोठा बाप नाही, काही नाही. पण सोबत्यांनी आपापसात काहीतरी केलं, कुणाला तरी सांगितलं की याचं नाव कोर. शिडाची जहाजं होती तेव्हाची गोष्ट. आणि आज माझी नात येऊन त्या पोराचं नाव मोठ्यानं वाचते आहे.

मग ती एका मोठ्या चौकोनी कबरीशी थांबली. कुणी कप्तान होता. "दादी, ये इनकी वाइफ ने लगवाया है."

मी विचारलं, "ती इथं आली होती का?"

"वो नहीं लिखा."

नसेलच आली. त्या काळात कुठली बाई एवढा समुद्र ओलांडून येणार. पण तिला कुणीतरी सांगितलं असेल, की झाडाखाली आहे, पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला. ती तिकडं आपल्या घरात बसून डोळे मिटून त्या जागेवर येत असेल. मी त्या दगडावर हात ठेवला. ऊन होतं, दगड गरम झाला होता.

तेवढ्यात नातीनं विचारलं, अगदी साधेपणानं, "पापा, दादाजी का स्टोन कैसा है?"

मुलगा म्हणाला, "वहाँ नाम नहीं लिखते, बेटा. मज़हब में नहीं है."

"तुझ्या आजोबाच्या कबरीवर नाव आहे," मी मुलाला म्हटलं. "गावाला. उर्दूत आणि मराठीत. तूच लहानपणी बोट लावून वाचायचास."

"ते गावचं वेगळं, अम्मी."

"मजहब गावचा वेगळा आणि दम्मामचा वेगळा?"

"अम्मी, इथं नको." मग तो सुनेला म्हणाला, "चला, ऊन वाढलं."

हॉटेलवर येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. मला वाटलं हा लाजतो आहे. वाटलं, बापाला नेता आलं नाही गावी, त्याची टोचणी असेल. आईचं डोकं मुलासाठी कारणं शोधण्यात फार हुशार असतं.

शेवटच्या दिवशी रविवार होता. मुलाला नमाज पढायचा होता म्हणून आम्ही तिथल्या मशिदीत गेलो. लहानशी मशीद, पाण्याच्या मोठ्या तलावाजवळ, झाडीत. आणि त्या झाडीतच आमच्या लोकांच्या कबरी. पोर्तुगीजांनी पूर्वी आपल्या इकडचे शिपाई नेले होते म्हणे, त्यांच्यापासूनच्या. तिथं इंडोनेशियाच्या पोरी जमल्या होत्या. घरकामाला आलेल्या, आठवड्याची एक सुट्टी. डबे सोडून बसलेल्या, हसत होत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. त्यांतली एक उठली आणि हातानं एका कबरीवरची पानं बाजूला करायला लागली. मी जवळ गेले. खुणेनं विचारलं, तुझा कोण? तिनं मान हलवली, कुणी नाही. मग छातीवर हात ठेवून आकाशाकडं बोट दाखवलं. मीही वाकले आणि तिच्याबरोबर पानं काढली. दगडावर नाव होतं. अरबी अक्षरं मला येतात, कुराण वाचण्यापुरती. मी नाव वाचलं.

मुलगा नमाज पढून बाहेर आला, तसं मी त्याला हाक मारली.

"इकडं ये. हे बघ. हा मुसलमान, ही मशीद, हे नाव, आणि ह्या बायका. आता सांग मला मजहब."

तो मशिदीच्या पायरीवर बसला, बूट हातात तसेच.

"मी तुला दगड लाव म्हणत नाही," मी म्हटलं. "त्या देशाची रीत आहे, मला मान्य आहे. मला फक्त जागा दाखव. तू हातांनी ठेवलंस ना? मग तुला तर डोळे मिटून सापडेल."

"अम्मी, मी नव्हतो."

"कुठं नव्हतास?"

"दफनाला. मी नव्हतो."

सून नातीला घेऊन तलावाच्या बाजूला गेली. तिला माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मग त्यानं सांगितलं. जिझानहून निघायचा परवाना मिळालाच नाही. शहरं बंद होती. कफीलचा, म्हणजे यांना कामावर ठेवणाऱ्या सौदी शेठचा, एक माणूस होता दम्मामला, त्यानं फोन केला की आज नेतो आहोत, थांबवता येणार नाही. कुणी नेलं, कुणी अंघोळ घातली, कुणी उतरवलं, याला काही माहीत नाही. रस्ते उघडल्यावर हा गेला, तोवर तो माणूस काम सोडून आपल्या देशात निघून गेला होता. कब्रस्तानाच्या कचेरीत विचारलं तर त्यांनी हात करून एक भाग दाखवला. "तो भाग म्हणजे आपलं गाव मावेल एवढा आहे, अम्मी. सगळ्या कबरी नव्या होत्या. सगळ्या सारख्या. उशाला एकेक धोंडा. मी मध्येच कुठंतरी उभा राहून दुआ केली आणि आलो."

"आणि रेती?"

"काय?"

"पांढरी मऊ रेती. ती कुठून आणलीस?"

तो बूट खाली ठेवत म्हणाला, "तू फोनवर इतकी रडत होतीस. मला काहीतरी सांगायला हवं होतं."

ते त्या दिवशी. मी समजू शकते त्या दिवसाचं. पण नंतर एवढी वर्षं? माझ्या तोंडून ते गावभर झालं, तेव्हा? नणंद घरी यायची आणि फोन स्पीकरवर ठेवून त्यालाच विचारायची, सांग रे बाबा पुन्हा, कसं ठेवलंस. आणि हा सांगायचा. दर वेळी एखादी गोष्ट वाढवून सांगायचा. एकदा म्हणाला, अत्तर लावलं.

मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी सुनेनं आम्हाला त्या जुन्या चर्चच्या अवशेषांकडं नेलं. सगळे तिथं जातात. चर्च आगीत गेलं, समोरची उंच दगडी भिंत तेवढी उरली. पुढून बघाल तर खांब, पुतळे, नक्षी, आणि मागं गेलात तर आकाश. तिच्यापुढं लांबच लांब पायऱ्या, तिथं आम्ही चौघं उभे राहिलो. फोटो काढणाऱ्या चिनी पोरानं बोटानं ओठ ताणून दाखवले, हसा. आम्ही हसलो. सुनेनं तो फोटो स्टेटसला ठेवला. गावाहून सगळ्यांचे मेसेज आले, माशाअल्ला, किती छान, सासूला फिरवतेय.

परत आल्यावर पुढच्याच शुक्रवारी मुलगा स्वतःहून म्हणाला, "अम्मी, चल दम्मामला." आता त्याला सगळा वेळ होता. गेलो. लांब भिंत, मातकट रंगाची, आत झाड नाही. त्यानं गाडी भिंतीच्या कडेनं हळूहळू चालवली आणि एका जागी थांबवली. "तो भाग इकडच्या बाजूला येतो."

"इथं का थांबवलीस? पुढं का नाही?"

"पुढं थांबवू का?"

मी उतरले नाही. काच खाली केली, गरम हवा आत आली. फातिहा पढायला लागले आणि मध्येच थांबले, कारण नजर कुठं ठेवायची ते कळेना. भिंतीच्या या टोकाला बघू की त्या? मी पढणं पुरं केलं. पण कुणापर्यंत पोचलं असेल असं वाटलं नाही. म्हटलं, "यल्ला, चल." तोही लगेच निघाला. त्याला सुटल्यासारखं झालं असणार, त्याच्या मानेवरून कळत होतं.

घरी येऊन जेवायला बसतोय तोच नणंदेचा फोन. तिची नजर आता अधू झाली आहे, फोनवर ती फार मोठ्यानं बोलते. मुलगा समोर जेवत बसला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"भाबी, गेली होतीस? बघितलीस माझ्या भावाची जागा?"

मी मुलाकडं बघितलं. त्याचा घास हातात राहिला.

"हो," मी म्हटलं. "बघून आले."

"कशी आहे?"

"चांगली आहे. मोकळी आहे. वारा येतो."

"सलाम सांगितलास माझा?"

"सांगितला."

"अल्लानं तुला तेवढं सुख दिलं बघ. आम्ही काय, आमच्या नशिबात नाही." आणि ती रडायला लागली. समाधानानं रडत होती. मी तिला रडू दिलं. ती लिहिलेलं वाचत नाही, म्हणून इथं लिहिते आहे. तिला कुणी वाचून दाखवू नये.

फोन ठेवला. मुलगा म्हणाला, "अम्मी." काय म्हणायचं होतं त्याला कोण जाणे, आभार मानायचे असतील. मी त्याला बोलू दिलं नाही.

"ऐक. मला इथं काही झालं तर मला गावी न्यायचं. ओवळीच्या बाजूला, माझ्या बापाच्या जवळ. विमान बंद असेल तर उघडेपर्यंत थांबायचं. तू कुठंही असलास तरी यायचं. येता आलं नाही तर आलो म्हणून कुणाला सांगायचं नाही."

सून स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला.

"असं बोलू नये, अम्मी," मुलगा म्हणाला. "अल्ला तुला उदंड आयुष्य देवो."

मी वाट बघितली. तो उठला, ताट उचललं, हात धुवायला गेला. हो म्हणाला नाही.